रिकाम्या खोक्याचं मोल

मुंबईच्या बोलीत लाख रुपयांना ‘पेटी’ म्हणतात आणि कोटीला ‘खोका’. राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्यांना तर यातला दुसरा शब्द अलीकडे चांगलाच पाठ झाला आहे. फळबाजारात मात्र या शब्दांचे अर्थ अजून साधे आहेत. पेटी म्हणजे लाकडी फळ्यांची पेटी आणि खोकं म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. आज बोलायचं आहे ते या खऱ्या खोक्याविषयी. ते काही रुपयांत मिळतं, आणि त्यातलं फळ खाऊन झालं की आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. पुठ्ठ्याच्या कारखान्याशी माझा संबंध नाही. पण माझी उमर बागवानांच्या शेजारात गेली. ‘बागवान’ हा शब्द फारसीतून आला, अर्थ बागेची राखण करणारा. सोलापूर, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांत फळं आणि भाजी विकणारा मुसलमान समाज याच नावानं ओळखला जातो. या मंडळींना फळ पारखताना मी लहानपणापासून पाहत आलो. ते आधी खोकं पाहतात. तळाशी ओल आहे का, कोपरा दबला आहे का, बाजू फुगली आहे का. ते कळलं की मग झाकण उघडतात. बाहेरचं खोकं आतल्या फळाची हकिगत सांगतं, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

ही हकिगत नीट कळायची तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. झाडावरून तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं. हवेतला प्राणवायू घेतं, कर्बवायू सोडतं, आणि या खटाटोपात उष्णता व पाण्याची वाफ बाहेर टाकतं. आंबा, केळी, सफरचंद, टोमॅटो यांसारखी फळं इथिलीन नावाचा वायूही सोडतात. हा वायू शेजारच्या फळाला पिकण्याचा निरोप देतो. आढीत एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकू लागतात ते त्यामुळे. म्हणजे बंद खोक्यात आपण वीस किलो फळ भरतो, तेव्हा श्वास घेणारा, तापणारा, घाम गाळणारा एक जिवंत जमाव आत कोंडत असतो.

त्यामुळे खोक्याला एका वेळी चार कामं करावी लागतात. डोक्यावर आलेला दुसऱ्या खोक्यांचा भार पेलायचा. आतल्या फळांना हवा मिळू द्यायची. गाडीच्या हिसक्यांत फळ फळावर आपटू द्यायचं नाही. आणि हे फळ कुठलं, कुणाचं, किती वजनाचं, हे खरं सांगायचं. यातलं एक काम बिघडलं तरी नुकसान ठरलेलंच. नाबार्डच्या सल्लागार संस्थेनं २०२२ साली देशभरातल्या काढणीनंतरच्या नासाडीचा अहवाल दिला. त्यानुसार फळांची नासाडी पिकागणिक सुमारे ६ ते १५ टक्के आणि भाज्यांची सुमारे ५ ते साडेअकरा टक्के होते. पेरूचा नंबर सगळ्यात वर. या नासाडीला खोकं एकटं जबाबदार नाही. तोडणी, वाहतूक, शीतगृहांची कमतरता ही कारणंही आहेत. तरीपण शेतापासून दुकानापर्यंत फळाची संगत एकटं खोकंच करतं. मग हिशेबात पहिला प्रश्न त्यालाच विचारायला हवा.

पुठ्ठा येण्याआधी आपल्याकडे काय होतं? बांबूच्या करंड्या होत्या, पाट्या होत्या, हारे होते, गोणपाटाची पोती होती. कोकणातून आंबा यायचा तो भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, लाकडी पेटीत बसून. ही सगळी साधनं मातीतून आलेली आणि मातीत जाणारी. करंडीतून हवा खेळायची, पेंढा धक्का झेलायचा. जुनी माणसं या गोष्टींची आठवण काढून हळहळतात, त्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही आहे. करंडीच्या काड्या फळाला टोचतात. एकीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी थप्पी लावली की खालची करंडी दबते आणि सगळा भार फळांवर येतो. पोत्यातल्या मालाचं तर विचारूच नका. लाकडी पेटी भक्कम खरी, पण तिच्या खडबडीत फळ्या आणि बाहेर डोकावणारे खिळे आंब्याच्या सालीला ओरखडे पाडतात, आणि ओरखडा म्हणजे बुरशीला उघडलेलं दार. पेटी स्वतःच जड असल्यानं तिच्या वजनाचं भाडंही भरावं लागतं.

शिवाय लाकूड येतं झाडातून. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या बागा वाढल्या तशा पेट्या वाढल्या, आणि पेट्यांसाठी फर, स्प्रूस यांसारखी डोंगरावरची सूचिपर्णी झाडं तुटू लागली. एका झाडाची फळं पाठवण्यासाठी दुसरं झाड पाडायचं, असा तो विचित्र व्यवहार होता. तिथल्या सरकारनं १९८० च्या दशकात लाकडी पेट्यांना आळा घालून पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे मोहरा वळवला. पुढं २००२ साली लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम आले. लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जातात, म्हणून परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करून तसा शिक्का मारणं आवश्यक ठरलं. कागद-पुठ्ठ्याला ही अट नाही. निर्यातीचा माल पुठ्ठ्याकडे वळायला हेही एक कारण झालं.

आता हा पुठ्ठा आला कुठून ते पाहू. नागमोडी, पन्हळी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं. ते कशासाठी, तर साहेबांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी! १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी असाच कागद बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्या नागमोडी कागदाला सपाट कागदाची जोड दिली. ब्रुकलिनमध्ये कागदी पिशव्यांचा कारखाना चालवणाऱ्या रॉबर्ट गेअर यांच्याकडे १८७९ मध्ये एक अपघात झाला. पिशव्यांवर घडीची रेघ उमटवणारी एक धातूची पट्टी वर सरकली आणि रेघेऐवजी कागद कापला जाऊ लागला. माल वाया गेला, पण गेअर यांना त्यातून सुचलं की एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही करता येईल. त्यातून चपटं, घडीचं, जागेवर नेऊन उभं करायचं खोकं आलं. त्याच वर्षी जर्मन रसायनज्ञ कार्ल डाल यांनी लाकडाच्या लगद्यापासून चिवट कागद करण्याची पद्धत शोधली. त्या कागदाला ‘क्राफ्ट’ म्हणतात. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद. शाळेच्या वह्यांना आपण जो खाकी कागद घालत आलो, तो याच घराण्यातला.

कागदात ताकद येते कुठून, याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. दोन पेले थोड्या अंतरावर ठेवा. त्यांच्यावर साधा कागद आडवा टाका आणि वर एक नाणं ठेवा. कागद मधोमध वाकतो, नाणं पडतं. आता त्याच कागदाला हातपंख्यासारख्या बारीक घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. नाणंच काय, छोटी वाटीही तोलून धरेल. कागद तोच, वजन तेच, फक्त त्याला लाटांचा आकार मिळाला. घरावरच्या पन्हळी पत्र्याचंही तेच गणित. कारखान्यात खाचांच्या तापलेल्या रुळांमधून कागद फिरवून लाट पाडतात आणि तिच्या दोन्ही अंगांना सपाट कागद चिकटवतात. चिकटवायला बहुधा मक्यासारख्या पिष्टाची खळ असते, सुती कपड्यांना आपण द्यायचो तशी. दोन सपाट कागद आणि मध्ये एक लाट, हा झाला तीन प्लायचा पुठ्ठा. तीन सपाट आणि दोन लाटा म्हणजे पाच प्लाय. चार सपाट आणि तीन लाटा म्हणजे सात प्लाय. लाटांच्या उंचीतही प्रकार असतात, दीड मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत. उंच लाट धक्का चांगला झेलते, बुटकी लाट दाबाला सहज चेपत नाही. मोठ्या खोक्यात म्हणून दोन्हींची जोडी लावतात.

साबण किंवा बिस्किटं भरायची तर एवढं पुरे. फळांचं खोकं करताना मात्र खरी परीक्षा लागते. फळाला हवा हवी म्हणून खोक्याला भोकं पाडायची, आणि भोक पाडलं की खोकं कमजोर होतं. अनुभवानं एक मध्यममार्ग निघाला आहे. भोकांचं क्षेत्रफळ बाजूच्या साधारण पाच टक्के ठेवायचं, आणि भोकं कोपऱ्यांपासून दूर पाडायची. कारण खोक्यावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा त्याचे चार उभे कोपरेच उचलतात. थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे, तो याचसाठी. विटांच्या भिंतीसारखी सांधे मोडून थप्पी लावली की दिसायला ती पक्की दिसते, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो आणि खोक्यांची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. ट्रकमध्ये माल लावणाऱ्या हमालाला हे कुणी समजावून सांगितलं तर पुष्कळ फळ वाचेल, आणि त्याला खर्च काही नाही.

पुठ्ठ्याचा दुसरा वैरी म्हणजे ओल. कागद हवेतला दमटपणा शोषून घेतो. आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात गेली की खोक्याची ताकद निम्म्यावर उतरते. आता पेच पाहा. फळ कोमेजू नये म्हणून शीतगृहात नेमकी नव्वद-पंच्याण्णव टक्के आर्द्रता ठेवावी लागते. म्हणजे जे हवामान फळाला मानवतं तेच खोक्याला सोसत नाही. म्हणून निर्यातीचं खोकं गरजेच्या कितीतरी पट मजबूत करावं लागतं.

नाशिकच्या द्राक्षांचं उदाहरण घ्या. घड पहाटे तोडतात, विरळून स्वच्छ करतात, आणि काही तासांच्या आत त्यांना शून्य-एक अंशापर्यंत थंड करतात. त्या वेळी गार हवा खोक्यांच्या भोकांतून जोरानं ओढून घेतात. शेजारी-शेजारी ठेवलेल्या खोक्यांची भोकं एकमेकांसमोर आली नाहीत तर हवा अडते आणि मधलं द्राक्ष गरमच राहतं. खोक्यात द्राक्षांवर एक पातळ कागदी पॅड ठेवतात. ओलीबरोबर त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशीला रोखतो. साधारण साडेचार-पाच किलोंची ही खोकी न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात, समुद्रात कित्येक आठवडे काढतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा हा प्रवास आणखी लांबला. त्या वाढलेल्या दिवसांत आतल्या द्राक्षांची भिस्त थंडाव्याइतकीच त्या पुठ्ठ्यावरही होती.

मगाशी चौथं काम म्हटलं होतं, खरं सांगण्याचं. त्याचंही उदाहरण द्राक्षांचंच. २००३ साली आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळल्यानं युरोपात मोठी अडचण उभी राहिली. त्यानंतर २००६ मध्ये अपेडानं ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था आणली. त्यामुळे परदेशातल्या गोदामातला माल कुठल्या बागेतून निघाला इथपर्यंत माग काढता येतो. आंब्याची कथा त्याहून वेगळी. २००७ मध्ये अमेरिकेनं आपल्या आंब्याला दार उघडलं तेव्हा अट घातली की फळावर किरणांची प्रक्रिया झाली पाहिजे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं त्यासाठीचं केंद्र होतंच. आंबा खोक्यात भरूनच किरणांखालून जातो. नंतर आत किडा शिरू नये म्हणून खोक्याच्या भोकांना बारीक जाळी लावावी लागते. एवढ्याशा भोकाला केवढी जबाबदारी! २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपनं आपला आंबा बंद केला. तो पुन्हा सुरू झाला २०१५ मध्ये. त्या एका हंगामात कोकणातल्या निर्यातदारांना काय सोसावं लागलं असेल याची कल्पना येते.

आता पर्यावरणाकडे वळू. हल्ली खोक्यावर हिरवं पान छापलेलं असतं, खाली ‘पर्यावरणपूरक’ असं लिहिलेलं असतं. पुठ्ठा कागदाचा आहे म्हणजे तो आपोआप चांगला, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे.

खरा भाग असा. पुठ्ठा पुन्हा लगदा होऊन पुन्हा पुठ्ठा होतो. कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा असा फेरा करू शकतो. आपल्या देशात खोक्यांचा खाकी कागद बहुतांशी रद्दीपासूनच बनतो. गुजरातेत वापी आणि मोरबी, उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर ही त्याची मोठी ठाणी. आपण दिलेलं खोकं तिथं जाऊन पुन्हा खोकं होऊन येत असेल, यात नवल नाही.

उरलेला भाग असा की प्रत्येक फेऱ्यात तंतू आखूड होतो, कमजोर होतो. म्हणून जड मालाच्या खोक्यात थोडा नव्या लाकडाचा लांब तंतू मिसळावा लागतो. रद्दीही देशात पुरत नाही, बाहेरून आणावी लागते. २०२१ च्या सुरुवातीपासून चीननं परदेशी रद्दी घेणं बंद केलं. मग तिथल्या कारखान्यांसाठी आपल्याकडून रद्दीचा तयार लगदा जाऊ लागला. इथं रद्दी महागली, कागद महागला, आणि त्या वर्षी खोकी बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांचे हाल झाले. शेवटी भार गेला तो शेतकऱ्यावर.

आणखी एक गोष्ट. खोकं चकचकीत दिसावं, ओल लागू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवतात, कधी मेणात बुडवतात. असा पुठ्ठा लगद्याच्या टाकीत नीट विरघळत नाही, कारखाना तो घेत नाही. बाहेरून सगळा कागद, पण पुन्हा कागद व्हायची वाट बंद. सडलेल्या फळाच्या रसात भिजलेल्या खोक्याचीही तीच गत. तो कचऱ्यात जातो. म्हणून फळ सडलं की नुकसान दोनदा होतं. फळासाठी घातलेलं पाणी, खत, मजुरी, डिझेल वाया जातं, आणि वर खोकंही जातं. खोकं चार-आठ आण्यांनी स्वस्त करायला जाऊन पुठ्ठा पातळ केला आणि त्यात दोन किलो फळ दबलं, तर ते खोकं कितीही हिरवं असलं तरी पर्यावरणाच्या हिशेबात तोट्याचंच. फळ शाबूत पोचवणं ही पहिली अट. रिकामं झाल्यावर पुन्हा कागद होणं ही दुसरी.

ही दुसरी अट पुरी कोण करतं? रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात रोज संध्याकाळी इफ्तारसाठी फळांच्या गाड्या लागतात. खजुराची खोकी, सफरचंदांची खोकी, टरबुजांचे ढीग. पहाटे फजरच्या नमाजाला निघालेली माणसं पाहतात ती रिकाम्या पुठ्ठ्यांची रास, आणि त्या राशीतून ते उलगडून, पायानं दाबून चपटे करणाऱ्या बाया. दिवस उजाडायच्या आत गल्ली साफ होते. या बायांचा धर्म वेगळा, मोहल्ला वेगळा, पण आमच्या इफ्तारचा शेवटचा हिशेब त्याच पुरा करतात. पुण्यात १९९३ साली अशाच कष्टकऱ्यांनी संघटना बांधली, तिचं नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. पुढं त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. परदेशातल्या परिषदांत ज्याला पुनर्वापराची साखळी म्हणतात, तिची पहिली कडी आपल्याकडे या बाईच्या हातात आहे. तिच्या हातात कोरडा, स्वच्छ पुठ्ठा पडला तर तिला दोन पैसे बरे मिळतात. भिजलेला, चिकटपट्ट्यांनी माखलेला पडला तर तिची मजुरी पाण्यात जाते.

मग प्लॅस्टिकच्या क्रेटचं काय, असं तुम्ही विचाराल. टोमॅटो, भाजी आता सर्रास क्रेटमधून येते. क्रेट धुता येतो, भिजला तरी हरकत नाही, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. नारायणगावचा टोमॅटो पुण्या-मुंबईला जातो, संध्याकाळी गाडी परत येते, तिच्यात रिकामे क्रेट परत येतात. अशा जवळच्या, ये-जा असलेल्या वाटेवर क्रेटच शहाणपणाचा, हे मान्य करायला हवं. पण कोकणातला आंबा दिल्लीला किंवा नाशिकचं द्राक्ष युरोपला गेलं की तिथून रिकामा क्रेट परत आणण्यात इंधन जाळावं लागतं. तिथं एकाच वाटेचा पुठ्ठा बरा, कारण तो जिथं पोचेल तिथल्याच कागद कारखान्यात जाऊ शकतो. कुणी एकाला सरसकट चांगलं आणि दुसऱ्याला सरसकट वाईट म्हणू लागलं, तर त्याला एवढंच विचारावं, की रिकामं झाल्यावर ते परत कुठं जाणार?

आता तिसरी अट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. खोकं न्यायाचं असलं पाहिजे. हिमाचलच्या सफरचंदाकडे पुन्हा वळतो. तिथं बरीच वर्षं दोन भागांचं खोकं चालायचं, खाली तळ आणि वरून सरकणारं झाकण. दुर्बिणीच्या नळीसारखं ते ताणता येई. वीस किलोंच्या खोक्यात झाकण वर उचलून फळांचे आणखी थर भरायचे. पंचवीस किलो, अठ्ठावीस किलो, कधी त्याहून जास्त. भाव मात्र खोक्यावर ठरायचा. वरचं फळ फुकट गेलं, आणि तळाचं दाबानं चेपलं. बागायतदारांनी यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते शिमल्यात रस्त्यावर उतरले, तेव्हा खोक्यांची वाढलेली किंमत आणि त्यांवरचा १८ टक्के जीएसटी हेही त्यांच्या तक्रारींत होतं. अखेर २०२४ च्या हंगामात तिथं ‘युनिव्हर्सल कार्टन’ सक्तीचं झालं. हे एकसंध खोकं ताणता येत नाही, त्यात वीस किलोंच्या आसपासच फळ मावतं. खोक्यांवरचा करही २०२४ मध्ये १२ टक्क्यांवर आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. एका न ताणणाऱ्या खोक्यानं वजनकाट्याचं काम केलं, फळाचं दबणं कमी केलं आणि हमालाच्या पाठीवरचं ओझंही हलकं केलं.

आपल्या हापूसच्या बाबतीत गोष्ट थोडी उलटी आहे. ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ छापलेलं रिकामं खोकं बाजारात पुन्हा वापरलं जातं. ऐकायला ही चांगलीच गोष्ट, खोकं वाया गेलं नाही. पण त्यात दुसरीकडचा आंबा भरून तो हापूसच्या भावानं विकला जातो, तेव्हा गिऱ्हाईकही फसतं आणि कोकणातला बागायतदारही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खोक्यावरच्या अक्षरांची खात्री कोण देणार? म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. खोक्यावरचा भरवसा उडाला की तो असा फळाफळावर चिकटवावा लागतो, आणि त्याचा खर्चही बागायतदारालाच येतो.

यात आपलं, म्हणजे फळ खाणाऱ्यांचं काम काय? फार नाही. घरी आलेलं खोकं ओल्या कचऱ्यात टाकू नका. त्याच्या चिकटपट्ट्या आणि पिना काढा, उलगडून चपटं करा, पावसापासून वाचवा आणि कोरडंच रद्दीवाल्याच्या किंवा कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात द्या. फळाचं नाव छापलेलं झाकण फाडून द्या, म्हणजे त्यात दुसरं फळ बसून तुमच्यासारख्याच कुणाकडे जाणार नाही. दुकानात आंबा घेताना वजन आणि उगम विचारा. सोसायटीत लग्न-समारंभ असेल, ईद किंवा गणपती असेल, तर खोक्यांचा ढीग पावसात कुजू देऊ नका, आधीच कुणाला तरी सांगून ठेवा. आणि एखादा बागवान खोकं उघडण्याआधी उगीच उलटंपालटं करून पाहत असेल तर घाई करू नका. तो तुमच्याचसाठी तळाची ओल बघत असतो.